नळी बदलायचीय, बोअर कुठला घ्यायचा?

मंडळी, आजचा विषय या पानावर नेहमी येणाऱ्यातला नाही. पाऊस, ऊस, गोकुळ शिरगावातली कारखानदारी, जुनं कोल्हापूर... हे आपलं नेहमीचं. आज बंदूक! घाबरू नका, गडमुडशिंगीत काही घडलेलं नाही. :)

प्रश्न टेक्सासहून आलाय. अक्काचा थोरला तिकडे सॅन अँटोनिओच्या बाजूला असतो, ग्रीनकार्ड झालंय, आणि गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मित्रांच्या रानात डुकरांच्या शिकारीला जातो. त्यानं एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घेतली, एआर-१० पद्धतीची, .३०८ बोअरची. यंत्र ठणठणीत, पण आधीच्या मालकानं नळीची निगा राखलेली नव्हती. आत गंज चढून खड्डे पडलेत, आटे झिजलेत, शंभर यार्डावर गोळ्या वीतभर फाकतात. तेव्हा नळी बदलायची हे ठरलं. आता मित्रमंडळी म्हणतात, नळी बदलतोच आहेस तर बोअरही बदल, ६.५ क्रीडमूर घे, जमाना त्याचा आहे. आणि चिरंजीव मला विचारतात, "मामा, तुम्ही आयुष्य लेथवर काढलंय. तुमचं काय मत?"

फोनवर मी एका वाक्यात सांगितलं, .३०८ च ठेव. पण एका वाक्यात सांगितलेलं मत म्हणजे मामाचा हेका वाटतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे घरातल्या जवळजवळ सगळ्यांसाठी). बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास. .३०८ म्हणजे गोळीचा व्यास इंचाचे ३०८ हजारांश, साधारण ७.८ मिलीमीटर. पण नुसत्या व्यासानं काडतूस ठरत नाही. पुंगळी किती लांब, बुडाला किती रुंद, खांदा कुठे, मान कुठे, हे सगळं मिळून एक काडतूस होतं. पुंगळीचा आकार बाटलीसारखा असतो. .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ सालचं. पुढे त्याच बाटलीची मान आवळून १९५५ ला .२४३ झालं, १९८० ला ७ एमएम-०८ आलं, १९९७ ला .२६० आलं. उलट मान रुंद करून १९५५ ला .३५८ आणि २००६ ला .३३८ फेडरल झालं. बूड सगळ्यांचं तेच. ६.५ क्रीडमूर २००७ सालचं, त्याचा वंश थोडा निराळा, पण बूड तेवढंच आणि लांबीही त्याच मॅगझिनमध्ये बसणारी.

याचा अर्थ असा की भाच्याच्या रायफलीत बोल्ट, मॅगझिन, सगळं तसंच ठेवून नुसती नळी बदलली तर यातलं कुठलंही काडतूस चालू शकतं. म्हणून तर हा मोह होतो! त्याऐवजी .३०-०६ हवं म्हणाला असता तर प्रश्नच नव्हता. त्याची पुंगळी ६३ मिलीमीटर, .३०८ ची ५१. मॅगझिनमध्ये मावणारच नाही. तेव्हा पहिला नियम हा, की बाकीचं यंत्र ज्या मापाचं आहे ते आधी बघावं. आमच्याकडे जॉबवर्कला येणाऱ्या नव्या पोरांनाही मी हेच सांगायचो. सुटा भाग नवीन करणं सोपं असतं, तो जुन्या मशिनीशी जुळवणं हे खरं काम.

आणि इथेच सेमी-ऑटोमॅटिकची गोम आहे. बोल्ट अॅक्शन रायफलीत एक बार झाला की आपण हातानं बोल्ट मागे ओढतो, पुंगळी पडते, पुढे ढकलला की नवं काडतूस आत जातं. बारूद कुठली, गोळी किती जड, याच्याशी हाताला काही देणंघेणं नसतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम गॅस करतो. नळीला पुढे एक बारीक भोक पाडलेलं असतं. गोळी त्याच्या पुढे गेली की मागचा थोडा गॅस त्या भोकातून वळतो आणि बोल्ट मागे लोटतो. आता भोक कुठे आहे, केवढं आहे, भोकापासून नळीच्या तोंडापर्यंत अंतर किती, तिथे पोहोचेपर्यंत दाब किती उरतो, हे सगळं त्या काडतुसाप्रमाणे जमवलेलं असतं. भोक लहान पडलं तर बोल्ट अर्ध्यातून परत येतो आणि पुंगळी अडकते. मोठं झालं तर बोल्ट हातोड्यासारखा मागे आपटतो, पुंगळ्यांचे काठ फाटतात, स्प्रिंगा आणि बोल्ट लवकर मरतात. तेव्हा सेमी-ऑटोमॅटिकचा बोअर बदलणं म्हणजे नुसतं भोकाचं माप बदलणं नाही, यंत्राचा श्वास बदलणं आहे. नळी बदलताना गॅस ट्यूबची लांबी, बफर, स्प्रिंग, सगळ्याचा पुन्हा विचार करावा लागतो.

यावर एक जुना किस्सा सांगण्यासारखा आहे. रेमिंग्टन कंपनीनं १९५७ साली .२८० नावाचं एक सुंदर काडतूस काढलं. पण ते त्यांच्या ७४० या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीतही चालायला हवं होतं, म्हणून त्याचा दाब मुद्दाम कमी ठेवला. समोर १९२५ पासून बाजारात बसलेलं .२७० होतं, पूर्ण दाबाचं. लोकांनी आकडे बघितले आणि .२८० कडे पाठ फिरवली. काडतूस वाईट नव्हतं, यंत्राच्या मानानं त्याला वागावं लागलं एवढंच. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये यंत्रच बॉस असतं, मंडळी.

आता ६.५ बद्दल. मी त्याच्या विरोधात नाही. गोळी लांबट, सडपातळ, वारा कमी खाते. पाचशे-सहाशे यार्डांवर .३०८ ची गोळी जिथे बरीच खाली येते आणि वाऱ्यानं सरकते, तिथे ६.५ ची सरळ जाते. खांद्याला झटकाही कमी. लांबचं निशाण मारायचं असेल तर मीसुद्धा तेच सांगितलं असतं. पण भाच्याला मी विचारलं, तू डुक्कर किती अंतरावरून मारतोस? म्हणाला, "ऐंशी यार्ड, कधी शंभर. रात्री, थर्मल दुर्बिणीतून." संपलं की! शंभर यार्डावर ६.५ ची सगळी हुशारी पिशवीतच राहते. विमानतळासमोर राहणाऱ्या माणसानं उजळाईवाडीला जायला विमानाचं तिकीट काढावं तसं झालं.

शंभर यार्डावर काय लागतं? वजन आणि व्यास. गोळ्यांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या लोकांना ग्रेन कळत नाही, पण तोळा कळतो. १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा! (सराफ कट्ट्यावरच्या मंडळींनी नोंद घ्यावी.) तर .२४३ ची नेहमीची १०० ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त, ६.५ ची १४० ग्रेनची पाऊण तोळ्याहून जरा वर, आणि .३०८ ची जड गोळी पूर्ण तोळाभर. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेची जाड ढाल असते. नरांच्या आपापसातल्या मारामारीत सुळ्यांपासून वाचायला निसर्गानं दिलेली. हलकी गोळी वाकड्या कोनातून तिथे लागली तर आत खोल जाईलच असं नाही. जाणकार शिकारी .२४३ नंही डुकरं मारतात, चांगली गोळी निवडतात, नेमकी जागा साधतात. पण अंधारात, हलत्या कळपात, सेमी-ऑटोमॅटिक हातात असताना प्रत्येक वेळी नेमकी जागा साधेलच असं छातीठोक कोण सांगणार? थोडी चूक पोटात घेणारा बोअर बरा.

मग .३३८ फेडरल का नाही? ताकद भरपूर, जवळच्या अंतरावर उत्तम. पण काडतुसं मिळायला हवीत ना! .३०८ हे अमेरिकेत गावच्या दुकानातही मिळतं, त्याचाच लष्करी भाऊ ७.६२ नाटो जगभर आहे. २०२०-२१ च्या महामारीत तिकडे दुकानांच्या फळ्या कशा रिकाम्या झाल्या होत्या ते भाच्यानंच मला फोटो पाठवून दाखवलं होतं. अशा वेळी चार कारखाने काढतात ते काडतूस बरं, की एखादाच काढतो ते? आपल्याकडे शेतकरी ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवरच्या आधी विचारतो, पार्ट कुठे मिळतात? तीच अक्कल इथे.

शिवाय झीज. लहान मानेतून जास्त बारूद जळते तिथे नळीचा घसा लवकर जळतो. .२४३ ची नळी सगळ्यात आधी जाते, ६.५ त्यापेक्षा टिकते, .३०८ सगळ्यांत जास्त. एक नळी जाऊन पस्तावलेल्या माणसानं हे लक्षात घ्यायला नको का?

एवढं तांत्रिक झालं. आता मला खरं म्हणायचंय ते.

भाच्याला हा प्रश्न पडतोय, हीच मुळात केवढी चैन आहे! तिथे कायद्यानं बंदूक म्हणजे रिसीव्हर, नंबर असलेला मधला भाग. नळी हा नुसता सुटा भाग, पोस्टानं घरी येतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागसुद्धा 'बंदूक'च. आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल ही मनाई असलेल्या शस्त्रांत, केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय हात लावायचा नाही. १९६२ च्या नियमांतली भाषा तर वाचण्यासारखी होती. .३०३ किंवा ७.६२ एवढ्यावर ते थांबत नव्हते. लष्कराचं .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस ज्यात बसून उडू शकेल, असा कुठलाही बोअर मना! म्हणजे बोअर कुठला हा प्रश्न प्राण्याकडे बघून सुटत नव्हता, शिपायाच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघून सुटत होता.

ही खोड इंग्रजांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०७ च्या आसपास, हिंदुस्थानात .४५० बोअरची आयात सरकारनं बंद केली. कारण .५७७/.४५० च्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना गोळ्या मिळायला नकोत. झालं, लंडनच्या बंदूकवाल्यांनी हत्ती-वाघांच्या शिकारीसाठी नवे बोअर काढले, .४७०, .५००/.४६५, .४७५... जे पुढे जगभर नावाजले. त्यांचा जन्म वाघामुळे नाही, सरकारच्या संशयामुळे झाला. तसंच ईशापूरच्या कारखान्यात पोलिसांसाठी .३०३ एनफिल्डचं रूपांतर करून .४१० ची गुळगुळीत नळीची मस्केट केली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच बार. स्वतःच्याच शिपायावर एवढा विश्वास! आणि .३१५, जो आपल्याकडे परवान्यावर मिळणारा नेहमीचा रायफलचा बोअर, तो टिकला याचं कारणही हेच, की त्यात लष्कराचं .३०३ बसत नाही. खडकीच्या कारखान्याचं .३१५ चं काडतूस कुणा पाटलाच्या कपाटात बघितलं असेल तर त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

कायदा चूक आहे असं मी म्हणत नाही. इतक्या दाट वस्तीच्या देशात बंदुका मोजक्याच असाव्यात, असंच माझं मत. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, तेही ठीकच. पण याची दुसरी बाजूही बघा. दाजींचं शेत आजऱ्याकडे. भात पोटरीला आलं की रानडुकरं, ऊस उभा राहिला की रानडुकरं, कधी गवे, आणि आता हत्तीसुद्धा. पीक राखण्यासाठी कायद्यानं ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे धरलीय. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. तोवर बॅटरी, फटाके, डबे बडवणं. आणि ज्यांचा धीर सुटतो ते काय करतात हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. कुंपणाला वीज सोडतात, फास लावतात, कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. जबडा फुटलेलं जनावर दोन-दोन दिवस रानात तडफडत फिरतं. कुंपणाच्या विजेनं माणसंही गेलीत, ज्याचं शेत त्याच्याच घरची.

टेक्सासातही तेच डुक्कर. जात एकच, फक्त तिकडे पाळीव डुकरं सुटून आणि युरोपातून आणलेली रानटी मिसळून माजलेली. तिथे २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं, डुकराच्या शिकारीला लायसनही लागत नाही. म्हणून मी भाच्याला म्हणतो, बाळा, तुझ्या हातात निवड आहे. इथे दाजींच्या हातात डबा आहे. ज्याला निवडता येतं, त्यानं मिरवण्यासाठी निवडू नये. जनावर एका गोळीत, कळायच्या आत मरेल, यासाठी निवडावं. बोअर ही शिकाऱ्याची हौस नाही, समोरच्या जिवाशी केलेला करार आहे.

सेमी-ऑटोमॅटिकच्या बाबतीत तर हे जास्तच. दुसरा बार लगेच मिळतो म्हणून पहिला बार ढिला होतो. मी बंदूक चालवणारा नव्हे, पण लेथवर हे रोज बघितलंय. हातात सेकंड कटची सोय असली की फर्स्ट कट आळशी होतो. म्हणून बोअर असा घ्यावा की पहिल्यावर भरवसा ठेवता येईल. दुसरा बार चुकीच्या दुरुस्तीसाठी, सवयीसाठी नाही.

आणि मोठा बोअर म्हणजे मोठा मर्द, हे खूळ आपल्या कोल्हापूरनं तरी डोक्यात घेऊ नये. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ऑलिम्पिक कांस्य घेऊन आला. तिघांचाही बोअर कुठला? .२२. सगळ्यांत लहान! काम कागदावर भोक पाडण्याचं, त्याला तेवढंच पुरतं. कामापुरतं माप, हीच खरी नजर.

अक्का, तू हे वाचणार हे ठाऊक आहे, आणि तुझ्या पोटात बंदुकीचं नाव काढलं तरी गोळा येतो हेही. तुझी काळजी रास्त आहे. नातवंडं आहेत घरात. बोअर कुठलाही येवो, रायफल तिजोरीत, काडतुसं दुसरीकडे, किल्ली एकाकडे, हे त्यानं मला सांगितलंय आणि मी पुन्हा पुन्हा विचारणार आहे. बोअर न बदलण्याचं हेही एक कारण समज. घरात एकाच मापाची काडतुसं असली की चुकीचं काडतूस चुकीच्या नळीत जायची भीती नाही. .२२३ च्या नळीत .३०० ब्लॅकआउटचं काडतूस जाऊन बंदुका फुटल्याच्या घटना तिकडे झाल्यात.

राहता राहिलं एक. नळी घेताना तुझी रायफल कुठल्या घराण्याची ते आधी बघ, भाचेबुवा. एआर-१० म्हणून जे विकतात त्यात आर्मालाइटचं माप वेगळं, डीपीएमएसचं वेगळं, एकाची नळी दुसऱ्याला बसत नाही. आणि बसली तरी बोल्ट आणि नळी यांच्यातलं अंतर गो आणि नो-गो गेज लावून तपासल्याशिवाय एकही बार काढायचा नाही. तिथे काही हजारांश इंचाचा हिशेब असतो, डोळ्यांना दिसत नाही. स्वतः करू नको, जाणत्या गनस्मिथकडे दे. गेज सांगेल ते खरं, मित्र सांगतील ते नव्हे. मामा सांगेल तेही नव्हे. :)

पुढेमागे तू ओसाड माळावर, चारशे यार्डांवर हरणं मारायला लागलास, किंवा तुझी पोरगी मोठी होऊन तिला झटका सोसेल असं काही हवं झालं, तर ६.५ ची दुसरी नळी जरूर घे. तेव्हा काम बदललेलं असेल, म्हणून माप बदलायचं. आज काम तेच आहे. डुक्कर तेच, अंतर तेच, अंधार तोच. मग .३०८ च्या जागी चांगली, नवी, सरळ .३०८. उरलेल्या पैशात सरावाची काडतुसं घे. शंभर यार्डावरचा तुझा हात सुधारला, तर तो कुठल्याही बोअरपेक्षा मोठा बदल.

असो. फार लांबलं. शिकारीविषयी वेगळं मत असणारे वाचक आहेत, माळकरी नातेवाईकही आहेत, त्यांनीही मोकळेपणानं लिहावं. फक्त आजऱ्याच्या शेतातली एक रात्र डोळ्यांपुढे आणून मग लिहा, एवढीच विनंती.